तिठ्यावरचे काका

हरवलेल्या प्रवाशांचे फोटो काढायचं काम मासिकानं दिलं तेव्हा ती हसलीच होती. पण त्या परक्या, जुन्या शहरात ते फारच सोपं निघालं. गल्लीतून गल्ली फुटायची आणि दर वळणावर कुणी ना कुणी मोबाइल उलटासुलटा फिरवत उभं असायचं. तीही मुद्दाम नकाशा न बघता भटकत होती.

एका तिठ्यावर तपकिरी स्वेटरमधले एक काका दिसले. बावरलेले वगैरे नव्हते, नुसते उभे होते. तिनं कॅमेरा उचलला तसे म्हणाले, "आलीस का गं शाळेतून?"

थट्टा असेल म्हणून ती हसली, फोटो टिपला आणि पुढं गेली.

उन्हं कलली तेव्हा चौकात एक काकू भेटल्या. एक चप्पल पायात, दुसरी हातात. दिसेल त्या दुकानदाराला विचारत होत्या, "तपकिरी स्वेटर घातलेले गृहस्थ पाहिलेत का हो? माझे यजमान आहेत. त्यांना काही आठवत नाही. चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी खाली वाकले, तेवढ्यात..."

फोटोवालीला तिठ्यावरचे काका आठवले. तिनं कॅमेऱ्यावरचा फोटो दाखवला.

"हेच! कुठं काढलास हा?"

तिनं आजूबाजूच्या गल्ल्यांकडं पाहिलं. कुठं, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"आपण फोटो बघत बघत उलटं जाऊ," ती कशीबशी म्हणाली.

चौकातल्या फोटोच्या आधी घड्याळाचा बुरूज होता. तो एका कुलूपवाल्यानं दाखवला. त्याआधीच्या फोटोत निळं दार होतं, आणि निळी दारं तिथं पैशाला पासरी. दोनदा चुकल्या. काकू तशाच एका चपलेनं चालत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. दुकानांची शटरं खाली यायला लागली होती.

"पलीकडं नदी आहे ना गं?" काकूंनी एकदाच विचारलं. ती आणखी झपाझप चालायला लागली.

अखेर तिठा सापडला. काका नव्हते.

काकू भिंतीला टेकल्या. "दाखव पुन्हा. मोठा करून." बराच वेळ बघत राहिल्या. "हात बघ कुठंय, गालावर. सकाळी ब्लेड लागलं म्हणून दाढी अर्धीच सोडली मी. दिवसभर तेच चाललंय त्यांचं." मग तिथल्या इस्त्रीवाल्याला हाक मारली, "भाऊ, इथं दाढीचं दुकान कुठं आहे?"

त्यानं डावीकडं बोट केलं. दोघी धावतच सुटल्या.

काका खुर्चीत बसले होते, तोंडभर फेस.

"स्वतःच येऊन बसले," न्हावी म्हणाला. "नेहमीसारखी करा म्हणाले. म्हटलं, जुनं गिऱ्हाईक असेल, मीच विसरलो असेन."

काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्या बाकावर बसून रडायला लागल्या. काकांनी आरशातून पाहिलं. "बाई, तुमचा नंबर माझ्यानंतर हं."

"बसते की. कुठं घाई आहे?" डोळे पुसत काकू म्हणाल्या. मग फोटोवालीकडं वळल्या, "दोघांचा एक काढ. लेकीला पाठवते. दुपारपासून फोन करतेय ती, मी घेतलाच नाही."

पहिला फोटो हललाच. दुसरा बरा आला.

काकूंनी उतरलेल्या हॉटेलचं नाव सांगितलं, ते न्हाव्याला ठाऊक होतं. त्यानं दिवा मालवला, दुकानाला कुलूप घातलं आणि तिघांना सोडायला निघाला.