द्राक्षाची कात्री आणि गोकर्णीची कमान

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची नव्हे, तसल्या नाजूक कामाला मी हात लावत नाही. मी द्राक्षबागेत छाटणी करणारी कात्री. पिंपळगाव बसवंतला अकरा वर्षे मी सहादूच्या उजव्या हातात काढली. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, पहिली काडी मात्र आठवते. एका दाबात तिचे दोन तुकडे झाले आणि सहादू म्हणाला, "लोण्यागत चालती." तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

ऑक्टोबर उजाडला की बागेत आमचे राज्य. काडीवर जिथून नवी फूट येते त्याला डोळा म्हणतात. सहादू डोळे मोजायचा आणि वरचे सगळे माझ्याकडून उडवायचा. बाग पार बोडकी व्हायची. नवखे लोक हळहळायचे, आम्ही त्यांना हसायचो. चार महिन्यांनी त्याच वेलींवर घड लटकायचे आणि मालक सहादूला बोलावून चहा पाजायचा. मला तेलाचे दोन थेंब मिळायचे.

पुढे सहादूचे गुडघे दुखायला लागले आणि त्याने बाग सोडली. मी पिशवीत जाऊन पडले. तेल बंद, कानस बंद. पात्याला गंज चढला आणि शेजारी कोण, तर गॅसचा मोडका लायटर.

गेल्या ऑक्टोबरात सहादू मला घेऊन नाशिकला, सिडकोत राहणाऱ्या बहिणीकडे आला. तिचे नाव लताबाई. तिचा नवरा धम्मपाल कचेरीत कारकून होता. निवृत्त झालो की फाटकावर निळ्या गोकर्णीची कमान करीन, असे तो म्हणायचा. कचेरीच्या कुंपणावरचे बी त्याने काडेपेटीत जमवले होते. निवृत्तीला दोन महिने उरले असताना तो गेला, काडेपेटी राहिली. त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरी बुद्धवंदना होती. येणारी माणसे फुललेल्या कमानीखालून आत यावीत, एवढा एकच हट्ट लताबाईने धरला होता.

त्या वेलाचे लाड ऐकून मला शिसारी आली. जूनमध्ये म्हणे तिने काडेपेटीतले एकेक बी फरशीवर घासले, टरफल कठीण असते म्हणून. मग भिजवून, उन्हाची जागा बघून लावले. वेल वीतभर झाल्यावर शेंडा नखाने खुडला, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. आता नखाने छाटणी करणार असाल तर आम्ही कशाला आहोत? रोज तांदळाचे धुवण. रोज कोवळ्या शेंगा तोडायच्या, कारण शेंगा धरल्या की वेल फुले द्यायचा आळस करतो. आणि एवढे करून मिळते काय? सकाळी उमललेले फूल संध्याकाळी मिटते. ना घड, ना गोडी. स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही, फाटकाला विळखे घालत चढायचे. द्राक्षवेलही मांडवावरच चढते म्हणा, पण तिची गोष्ट वेगळी.

स्मृतिदिनाला आठ दिवस होते. लताबाई मुलीला घेऊन विहारात भंतेजींना निमंत्रण द्यायला गेली. रिकाम्या हातांनी बसणे सहादूला कधी जमले नाही. तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. "लय माजलाय ह्यो," तो स्वतःशी म्हणाला. "ऑक्टोबर लागलाय. छाटल्याबिगर फुलंल कसा?" बहीण परत आली की खूश होईल, असे त्याला मनापासून वाटत होते. त्याने मला पिशवीतून काढले.

खरे सांगते, मला आनंद झाला. अर्ध्या तासात आम्ही कमान बोडकी केली. कळ्या मी पाहिल्या होत्या. हिरव्या, मिटलेल्या, टोकाला जरा निळ्या. पण असल्या कळ्यांची पर्वा कोण करतो? एक फांदी फाटकाच्या गजात अडकली होती. तिथे माझे गंजके पाते नुसते चावले. फांदी चेचली गेली आणि सालीवर लोंबत राहिली. "धार गेली हिची," सहादू म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लताबाई परत आली ती फाटकातच थांबली. तिने खाली पडलेली एक फांदी उचलून बघितली.

"दादा, ही द्राक्षं नव्हती रे."

"आठ दिवसांत फूट निघंल, लता."

"फूट निघेल. फुलं कुठून आणू?"

ती पायरीवर बसून रडली. छाटणी चुकली असे सहादूला आजवर कुणी म्हटले नव्हते. तो ढीग उचलायला वाकला. मग त्याला ती लोंबणारी फांदी दिसली. त्याने आपला रुमाल फाडला, चेचलेल्या जागी पट्टी बांधली आणि फांदी गजाला टेकवून ठेवली. पुढचे आठ दिवस तो सकाळ झाली की तिच्यापाशी जाऊन बसायचा. लाखो काड्या कापलेला माणूस एका फांदीची मलमपट्टी करतो, याचे मला हसू यायला हवे होते. आले नाही.

त्या फांदीवर तीन कळ्या होत्या. दोन गळल्या. स्मृतिदिनाच्या सकाळी तिसरी उमलली. लताबाईने ते फूल तोडू दिले नाही. माणसे बोडक्या फाटकातून आली आणि त्या एका निळ्या फुलापाशी थांबून आत गेली. एकच फूल कसे, असे भंतेजींनी विचारले तेव्हा सहादू मान खाली घालून म्हणाला, "माझी कात्री बोथट व्हती, म्हणून एवढं तरी वाचलं."

उभ्या आयुष्यात माझी दोनदा स्तुती झाली. एकदा धार होती म्हणून, एकदा धार गेली म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरची अवजारे पुसून, तेल लावून ठेवा, ही माझी विनंती आहे. पण ती वेलाला लावण्याआधी तो केव्हा फुलतो ते विचारून घ्या. ज्याने लावला त्याला विचारा. मी विचारले नाही. मला वाटत होते की मला सगळे कळते.

परवा सहादूने माझ्यासाठी कानस काढली. लताबाई म्हणाली, "राहू दे दादा, हिला बोथटच असू दे." एवढा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. पण समोर फाटकावर पुन्हा कळ्या धरल्या होत्या, म्हणून मी गप्प बसले.