रानगुलाबाचं कुंपण

मागच्या अंगणाला रानगुलाबाचं कुंपण लावायची अक्कल माझीच. दादाचं म्हणणं होतं, सरळ भिंत घाल. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि फोनवरून भिंती घालतो. अंगण संपतं तिथून वीस पावलांवर कालवा आहे, खोल आणि शेवाळलेल्या काठांचा. बाबांना विसर पडायला लागला त्या वर्षी ते दोनदा तिथे उभे सापडले. दुसऱ्यांदा त्यांच्या चपला भिजलेल्या होत्या.

पण भिंत दिसली की बाबा ती हाताने ठोकत बसायचे, दार शोधत. गुलाबाजवळ मात्र शांत असायचे. चाळीस वर्षं त्यांनी एका नर्सरीत गुलाबाचे डोळे भरले होते. रानगुलाबाचा खुंट घ्यायचा, सालीला चीर द्यायची, त्यात चांगल्या जातीचा डोळा बसवून पट्टी बांधायची. कामगार त्यांना मास्तर म्हणायचे. म्हणून मी ठरवलं, काटे तर काटे, पण बाबांच्या ओळखीचे असू देत.

रानगुलाब हे लाडाकोडाचं झाड नाही. पहिलं वर्षभर पाणी द्या, मुळाशी पालापाचोळा टाका, मग त्याच्या वाटेला जाऊ नका. छाटणी तर नकोच, कारण फुलं जुन्या फांद्यांवर येतात. तिसऱ्या वर्षी कुंपण माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी भरलं. मांजरसुद्धा त्यातून आरपार जाईना. मी दादाला फोटो पाठवला आणि जरा शेखी मिरवली.

बाबांच्या हातांना काम हवं म्हणून ओट्यावरच्या कुंड्यांतले कलमी गुलाब त्यांच्या ताब्यात दिले. त्यांचं जुनं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, मीच धार लावून आणलं. रोज सकाळी ते तास-दीड तास बाहेर असायचे. आत आले की मी विचारायचे, "काय केलंत आज?"

"रान काढलं. खुंटाला फूट आली की ती कलमाचा जीव घेते."

"छान," मी म्हणायचे. तेवढ्या वेळात माझं ऑफिसचं काम उरकायचं. त्या मोकळ्या तासाची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

मग कुंपणाच्या मधोमध पानं माना टाकायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी पाईप लावून ठेवला, खत घातलं. माती चिखल झाली तरी पानं करपतच होती, आणि दोन्ही बाजूंचं कुंपण मात्र हिरवंगार होतं. नर्सरीतल्या माणसाने फोनवर विचारलं, "बुंध्याशी बघितलंत का?" मी म्हटलं, बघते. बघितलं नाही. काट्यांत डोकं कोण घालणार? बाबांच्या हातांवर ओरखडे दिसत होते, पण काटे कुंड्यांतल्या गुलाबांनाही असतातच की.

त्या सकाळी ऑफिसचा फोन लांबला. बाहेर आले तर ओट्यावर कोणी नव्हतं. मी मागे धावले. कुंपणाचा वाळलेला भाग ओढून बाजूला नीट रचून ठेवलेला, आणि मधे माणूस जाईल एवढं भगदाड. खाली बारा-पंधरा बुंधे, सगळे जमिनीलगत एकाच तिरप्या कापात छाटलेले. काही काळे पडलेले, दोन अजून ओले. दोन-तीन दिवसांआड एखादा. डोळ्याखालून फुटलेलं रान मुळाशी कापायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. इथे तर वरपासून खालपर्यंत सगळं रानच. आणि महिनाभर मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते.

भगदाडातून कालवा दिसला. बाबा काठावर पाठमोरे उभे होते.

"बाबा," मी हाक मारली. ते हलले नाहीत. "बाबा, चला ना घरी."

त्यांनी एक पाय उतारावर टाकला. धावले तर दचकतील, नाही धावले तर जातील. मग कसं सुचलं कोण जाणे, मी नर्सरीतल्या कामगार बाईच्या आवाजात म्हटलं, "मास्तर, डोळे काढून ठेवलेत, सुकायला लागलेत. भरताय ना?"

ते वळले, चिडूनच. "ओल्या फडक्यात गुंडाळ. एवढंही कळत नाही?" असं म्हणत वर चढून आले. मी दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

अंगणात आल्यावर त्यांनी उरलेल्या कुंपणावरून नजर फिरवली. "बरंच रान राहिलंय अजून." मी सिकेटर मागितलं, ते देईनात. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "नवीन लागलीस का कामाला?"

मला रडू आलं, पण मी हो म्हटलं.

"घरी कोण असतं?"

"वडील."

"म्हातारे असतील."

"हो. त्यांना आता फारसं कळत नाही."

"मग त्यांना एकटं टाकून इथे काय करतेस? जा घरी. इथलं मी बघतो," असं म्हणून ते कालव्याकडे वळले. मी त्यांच्या पुढे जाऊन त्या भगदाडात उभी राहिले.