न कापलेली पानं

मी एक जुना ग्रंथ आहे. थांबा मित्रांनो, एकदम जवळ येऊ नका. आधी हात दाखवा. तेलकट नाहीत ना? खिशात ब्लेड वगैरे? बरं, बसा. राग मानू नका, पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

‘माणूस आणि धातू’ हे माझं नाव. माणसाला तांबं, लोखंड, सोनं, शिसं कसं सापडलं, त्याने त्यांचं काय केलं आणि त्यांनी त्याचं काय केलं, ते सगळं माझ्यात आहे. थोडा इतिहास, थोडं विज्ञान. ना राजकन्या, ना खून, त्यामुळे गिऱ्हाईक बेताचंच. छापखान्यात मोठ्या कागदावर बरीच पानं एकत्र छापली, घड्या घातल्या, दोऱ्याने शिवल्या आणि वर हिरवा पुठ्ठा चढवला. घड्यांच्या कडा तशाच जोडलेल्या ठेवल्या. ज्याला वाचायचं असेल त्याने त्या कापून घ्याव्यात, अशी तेव्हाची रीत होती.

मग मी एका वाचनालयात गेलो. शेजारच्या फळीवरच्या कादंबऱ्या रोज कुणाकुणाच्या घरी मुक्कामाला जायच्या. मी आपला जागेवर. पाहुणे आले की ग्रंथपाल माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, “फार मोलाचा ग्रंथ आहे हो!” इतका मोलाचा होतो, तर स्वतः का नाही उघडला कधी? मला तेव्हापासून स्तुतीचा संशय येतो. एका बाईंनी मला प्रेमाने घरी नेलं, तर माझ्यात झाडाची पानं दाबून वाळवायला! एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने सोन्याच्या मुकुटाचं चित्र ब्लेडने सफाईने कापून नेलं. शिशाच्या प्रकरणाच्या कडा तर कुणी सोडवल्याच नाहीत. ती पानं छापली गेल्यापासून आंधळीच होती.

पुढे वाचनालयाने लोखंडी कपाटं आणली. माझं लाकडी कपाट एका मिस्त्रींच्या घरी गेलं आणि खालच्या फळीवर मागे सरकलेला मीही त्याच्याबरोबर गेलो. मिस्त्री जुनं सामान खरवडून नव्याने रंगवायचे. पुढच्या खोलीत कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. तिथे माझी नेमणूक रंगाच्या डब्याखाली झाली. पुठ्ठ्यावरचे हे गोल डाग तिथलेच.

दिवसभर दारं, खुर्च्या, खिडक्या काचकागदाने कोरड्याच घासल्या जात. भुकटी उडे. मिस्त्रींच्या बायकोला स्वच्छतेचं भारी वेड, त्यामुळे त्या दिवसातून कितीदा तरी झाडू मारत. खाली बसलेली भुकटी पुन्हा उठे आणि शेवटी माझ्यावर बसे. हे झाडणं आहे की पसरणं, असा संशय मला आलाच होता. पण डब्याखालच्याला विचारतो कोण?

घरात एक छोटी नात होती. तिला सगळे ठकी म्हणत. तिचा पाळणा म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. जगाचे रंग खरवडणाऱ्या या माणसाने त्या जुन्या पाळण्याचा रंग मात्र मुद्दाम ठेवला होता. “असला पांढरा रंग आता शोधून सापडायचा नाही,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ठकी कठड्याला धरून उभी राही आणि मजेत कठडा चावत बसे. “दात येतायत,” म्हणून सगळे कौतुकाने हसत.

मग ठकीची तब्येत बिघडली. पोट धरून रडायची, जेवायची नाही, पांढरीफटक पडली. नुकतेच शिकलेले शब्दही एकेक करून गळाले. तिच्या तोंडून ‘चिऊ’ गेलं, मग ‘आजी’ गेलं. घरात संशयाला ऊत आला. आजींनी आधी दूधवाल्याला पाणी घालतो म्हणून काढलं, मग दुसऱ्यालाही काढलं. दूधवाले संपले, तशी गाडी सुनेवर आली.

“आईचं लक्ष असतं कुठे? पोरगी वाळत चालली, तरी हिचं आपलं ठीक!”

सून खाली मान घालून ऐकायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला तिची फार कीव यायची.

डॉक्टरांनी ठकीच्या रक्तात लोह कमी आहे असं सांगून औषध दिलं. तरी फरक पडेना. एका दुपारी सून ठकीजवळ बसली होती. उकडत होतं म्हणून तिने मला डब्याखालून ओढलं. आता माझा पंखा होणार, हे मी ओळखलं. झालंही तसंच! पण वारा घालता घालता तिची नजर अनुक्रमणिकेवर गेली. ‘लोखंड’ दिसताच तिचा हात थांबला. तिने ते प्रकरण अख्खं वाचलं. ‘रक्त कधी शिशानेही फिकं पडतं, पुढे पाहा,’ असं शेवटी लिहिलं होतं, पण शिशाची पानं बंद. ती उठली आणि स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली.

माझी पाचावर धारण बसली. झालं, हीसुद्धा तसलीच! पण तिने सुरी घडीत सरकवली आणि कड हळूच मोकळी केली. एकही अक्षर दुखावलं नाही.

शिसं चवीला गोडसर लागतं, असं तिथे लिहिलं होतं. फार पूर्वी लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवत आणि मिटक्या मारत विष पीत. पुढे लोक शिसं रंगातही घालू लागले, कारण रंग झळाळतो आणि टिकतो. मग रंगाऱ्यांची पोटं दुखू लागली. खिडकीची चौकट चावणारी मुलं फिकी पडली आणि आलेलं बोलणं विसरली.

सुनेने मान वर केली. कठड्यावर ठकीच्या दातांचे व्रण होते आणि त्यांच्याभोवतीचा रंग गेलेला होता. तिने झटकन ठकीला उचललं.

“आई, बाबा, मला या पाळण्याचा संशय येतोय. हिला पुन्हा यात ठेवायचं नाही!”

“वा गं वा!” आजी कडाडल्या. “पुस्तकं वाचून आजार कळायला लागले, तर डॉक्टर काय माशा मारतात?”

“म्हणूनच डॉक्टरांकडे निघालेय. हिचं रक्त तपासून घेते. खोटं निघालं तर हे पुस्तक खुशाल जाळा.”

घ्या! मला न विचारता मलाच पणाला लावलं! ती मला काखेत मारून निघाली. वाटेत मला पहिल्यांदाच माझ्या लेखकाचा संशय आला. त्याने हे कुठून आणलं असेल? त्याने नीट पडताळलं असेल ना? मी चुकलो, तर माझी राख होईल ती होईल, पण या पोरीचं काय?

रक्ताचा निकाल आला. शिसंच होतं. डॉक्टरांनी माझं प्रकरण वाचलं आणि म्हणाले, “यातला उपाय मात्र चुकूनही करू नका. तो केव्हाच चुकीचा ठरलाय. पण संशय शंभर टक्के बरोबर आहे. घरात उडणाऱ्या जुन्या रंगाच्या भुकटीतही तेच असणार, तुम्ही सगळेच रक्त तपासून घ्या.” माझं तोंड एवढंसं झालं, तरी जीव भांड्यात पडला.

 मिस्त्रींनी घरी येऊन स्वतःच तो पाळणा घराबाहेर काढला. कारखाना दुसरीकडे हलला आणि घरात झाडूऐवजी ओलं फडकं आलं. “मी तुलाच बोलत राहिले गं,” म्हणत आजी सुनेला धरून रडल्या. ठकीला सावरायला फार दिवस लागले, पण ‘चिऊ’ परत आलं. त्या दिवशी सगळं घर चिवचिवत होतं!

मला आता घरात मानाची जागा आहे. परवा ठकी दुडुदुडु चालत आली आणि तिने माझा कोपरा तोंडात घातला. सून धावली. तिने मला हिसकावून घेतलं आणि उजेडात धरलं.

“हा हिरवा रंग कसला असेल हो?”

“अगं, यानेच तर पोरीला वाचवलं!” आजी म्हणाल्या.

“वाचवलं, मान्य. पण आता यालाही तपासून घेऊ.” आणि तिने मला उंच काचेच्या कपाटात बंद केलं.

क्षणभर मला राग आला. मग इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मित्रांनो, इतिहास-विज्ञानाची पुस्तकं वाचा. आम्हाला नुसतं मोलाचं म्हणून फळीवर ठेवू नका, आमची बंद पानं उघडा. आणि आम्ही सांगू तेही तपासून बघा. माझ्या रंगाचा निकाल अजून यायचाय. तोवर मी आनंदाने कोंडून घेतोय.