मागच्या दाराची खिट्टी

"पप्पा, मी पंधरा वर्षांची झाले. मग आपल्या गाडीचं मागचं दार मला आतून का उघडता येत नाही?"

शनिवारी संध्याकाळी पप्पा चहात खारी बुडवत होते, तेव्हा मी हे विचारलं. खरं म्हणजे विचारायला लावलं माहनूर आणि रूपानं. त्या दोघींनी मला वर्गात सगळ्यांसमोर आव्हान दिलं होतं, आणि यावर्षीपासून मी आव्हानाला नाही म्हणत नाही. आठवीपर्यंत मी उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. मग गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि त्या दिवसापासून माझं तोंड फक्त जेवताना बंद असतं. तेही मम्मी म्हणते, जेवतानाही नसतं.

तर दार. रोज सकाळी पप्पा मला शाळेच्या फाटकाशी सोडतात. गाडी थांबते. पप्पा उतरतात, बॉनेटला वळसा घालून डावीकडं येतात, मागचं दार उघडतात, आणि मग मी दप्तर सांभाळत उतरते. पुढं बसायची तर बातच नाही. मागं जास्त सुरक्षित, असं पप्पांचं ठाम मत. फाटकावर रूपा टपूनच असते. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! तनुजाराणी उतरताहेत!" फाटकावरचे काका तर हल्ली सलाम ठोकतात.

दार आतून उघडत नाही कारण ते खराब आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. 'पार्ट मिळत नाय.' मला कधी शंकाच आली नाही. शुक्रवारी पाऊस नव्हता, काही नव्हतं, पण रिक्षावाल्यांचा संप होता, म्हणून पप्पांनी माहनूरला आणि रूपालाही घरी सोडायला गाडीत घेतलं. माहनूरच्या अब्बूंचं, म्हणजे फारूखचाचांचं, क्रांती चौकाच्या अलीकडं गॅरेज आहे. आमची गाडी तेच बघतात. उतरताना माहनूरनं दाराच्या कडेला, जिथं एरवी आपली नजर जात नाही तिथं, बोट लावलं. एक बारीकशी खिट्टी होती.

"अगे तनू, दरवाजा खराब नहीं है," ती कुजबुजली. "ये चाइल्ड लॉक है. छोटे बच्चे चलती गाडी में दरवाजा नको खोलना करके रहता ये."

रूपाला हसून हसून उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला माहीत. आणि मग ते आव्हान. पप्पांना विचारायचं, आणि सोमवारी स्वतःच्या हातानं दार उघडून उतरून दाखवायचं.

ती खिट्टी मला गुपचूप खाली करता आली असती. दोन सेकंदांचं काम. पण मला ते नको होतं. पप्पांनी स्वतः ती खाली करावी आणि म्हणावं, तनू, आता तू मोठी झालीस. मला ते हवं होतं. रूपासाठी नाही, खरंच सांगते. मलाच हवं होतं.

माझा प्रश्न ऐकून पप्पांची खारी चहात तुटून पडली. त्यांनी चमच्यानं ती शोधली, सापडली नाही.

"उतरायच्या वेळंला मी उघडतो ना," ते म्हणाले.

"पण का?"

"उघडतो ना मी." आणि कप घेऊन ते बाल्कनीत गेले.

मम्मीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्या मम्मीचे डोळे शाळेत चाळीस पोरांना गप्प करतात, मी तर एकटी.

रविवारी सकाळी पप्पा नेहमीसारखे खाली गाडीपाशी होते. रविवार म्हणजे त्यांचा गाडीचा वार. कूलंट बघायचं, वायपरच्या डबीत पाणी भरायचं, बॅटरीवर पांढरं काही साचलं असेल तर कोमट पाण्यानं धुवायचं, स्टेपनीत हवा आहे का ते दाबून बघायचं. मी फडकं घेऊन दारांचे रबर पुसते. त्या दिवशी पुसत पुसत मी मागच्या दाराशी आले आणि हात मुद्दाम खिट्टीपाशी रेंगाळवला.

"तिथं राहू दे," पप्पा म्हणाले. बॉनेटच्या मागून. त्यांना मी दिसतसुद्धा नव्हते.

मी फुरंगटून वर जाणार, तेवढ्यात आबांचा फोन आला.

माझे आजोबा, सोनाजी आबा, मेंढरं राखतात. पप्पा शिकले, वाळूजला कंपनीत लागले, पण आबांनी कळप सोडला नाही. त्या आठवड्यात त्यांनी पिशोरजवळ एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. पहाटे एक मेंढी व्याली आणि गेली. कोकरू जिवंत होतं पण उभं राहत नव्हतं, दुधाला तोंड लावत नव्हतं.

"कळप सोडून मला हलता येत न्हाई," आबा म्हणाले. स्पीकरवर मेंढरांचा गलका. "तू गाडी घिऊन ये, रामहरी. बिगीबिगी ये."

आम्ही तिघंही निघालो. दीड-दोन तासांनी त्या रानात पोचलो. आबांनी घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू पप्पांच्या हातात दिलं. मम्मीनं हात पुढं केला, तर आबा म्हणाले, "तू नगं, शीला. तुला सवं न्हाई. मान सांभाळावी लागती. त्यालाच धरू दे."

म्हणजे पप्पा मागं बसणार आणि गाडी मम्मी चालवणार! मम्मीला लायसन्स मिळून वर्ष झालंय, पण पप्पा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत बसतात, त्यामुळं ती फारशी चालवत नाही. आणि मी? मी पुढच्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टा लावताना माझ्या तोंडावर जे हसू आलं ते मला आवरेना, मागं कोकरू मरायला टेकलेलं असतानाही. लाज वाटली, पण हसू आलं.

"जरा जोरात घे," मागून पप्पा.

"घेतेय."

"श्वास लई हळू चाललाय ह्याचा."

"घेतेय हो!"

जनावरांच्या दवाखान्याला रविवारची सुट्टी होती, पण डॉक्टर मागच्याच क्वार्टरमध्ये राहतात हे आबांनी सांगितलं होतं. मम्मीनं गाडी सावलीत लावली, किल्ली उपसली, आणि आम्ही दोघी दोन्हीकडून उड्या टाकून पळालो. पळता पळता मम्मीनं सवयीनं मागं हात करून रिमोट दाबला. टुक-टुक.

डॉक्टर जेवत होते. त्यांनी हात धुतला, बॅग घेतली, चप्पल शोधली. आम्ही त्यांना घेऊन दवाखान्याच्या दाराशी आलो.

"कुठाय पिल्लू?" डॉक्टरांनी विचारलं.

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी मम्मीकडं.

"हे कुठं राहिले?"

गाडी जागच्या जागी हलत होती.

मी धावले. काचा बंद, गाडी बंद, म्हणून बटणानं काच खाली होत नव्हती. मागची दोन्ही दारं आतून उघडत नव्हती. आणि पप्पा पुढच्या दोन सीटांच्या मधे अर्धे शिरून अडकले होते. पोट गियरवर, एक पाय मागं, आणि एका हातानं कोकरू वर धरलेलं, पुराच्या पाण्यात लेकरू धरावं तसं. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ.

मी मम्मीच्या हातातून किल्ली हिसकावली, रिमोट दाबला आणि मागचं दार उघडलं. पप्पा मागं सरकत सरकत बाहेर आले. घामानं शर्ट चिकटलेला. केस कपाळावर.

माझ्याकडं विनोद तयार होते. दहा-बारा तरी असतील. 'या, रामहरीमहाराज, उतरा.' पण मी त्यांचा चेहरा बघितला. माझ्या वर्गात पहिलीतलं एखादं पोरगं चुकून येतं आणि त्याला स्वतःचा वर्ग सापडत नसतो, तसा.

"आतनं उघडंना गं," ते म्हणाले. आवाज एवढासा.

"व्हय पप्पा," मी म्हणाले. "उघडत नाही."

डॉक्टरांनी कोकराच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गोणपाटानं खसाखसा चोळलं, बारीक नळीनं पोटात दूध घातलं, एक सुई टोचली. "गारठलंय, बाकी काही नाही. ऊब द्या. दर दोन तासांनी दूध पाजा. शेळीचं चालेल." अर्ध्या तासानं ते कोकरू मम्मीच्या मांडीवर एकदा, अगदी चिडल्यासारखं ओरडलं. मम्मीनं लगेच त्याला पदरात घेतलं. आबांच्या त्या 'तुला सवं न्हाई'चा तिनं तिथंच हिशेब मिटवला.

पप्पा आत नव्हते. ते बाहेर गाडीपाशी होते. मागचं दार उघडं, आणि ते त्या दारापाशी उकिडवे बसलेले. बोट खिट्टीवर. मी जवळ गेले तरी बोट हललं नाही. ना खाली, ना बाजूला.

मीही उकिडवी बसले.

"खिट्टी असती हे मला माहीतच नव्हतं," पप्पा म्हणाले. माझ्याकडं न बघता. "गाडी जुनी घेतलेली. त्यानं कागदं दिली, किल्ली दिली. हे कोण सांगतंय? तू चार वर्षांची हुतीस. ह्याच रस्त्याला, थोडं पुढं. आबाचीच मेंढरं रस्ता ओलांडत हुती अन आबा पलीकडं उभा. तू वरडलीस, आबा, आबा. मी म्हणलं, बस गं, उतरू आता. मेंढरं गेली. मी गाडी उचलली."

त्यांनी दुसरा हात आतल्या सीटवर ठेवला.

"अन मागनं वारं आलं. मी म्हणलं, काचा तर बंद हायेत, वारं कुठनं आलं? आरशात बघितलं तर सीट मोकळी."

मी नकळत हनुवटीखाली हात लावला. तिथं एक व्रण आहे. मला सांगितलं होतं, झोक्यावरून पडलीस.

"चाक तुझ्या डोक्यापासून एवढं हुतं." त्यांनी वीत दाखवली. मग ती वीत तशीच हवेत राहिली. "दुसऱ्या दिवशी फारूखकडं गेलो. त्यानं ही खिट्टी दाखवली. म्हणला, भाई, ये तो पहलेसेच थी. पहिल्यापासूनच हुती, तनू. नुसती वर करायची."

"पप्पा, तुम्हाला माहीतच नव्हतं ना."

"तवापासनं खाली केली न्हाई. सर्व्हिसिंगहून गाडी आली की आधी हेच बघतो." त्यांनी नाक पुसलं, बाहीला. "तुला वाटत असंल बाप डांबून ठेवतोय. तसं न्हाई गं. रोज शाळेपाशी मी येऊन दार उघडतो, तवा तू आत दिसतीस. बसलेली. एवढं दप्तर घिऊन. मग मला बरं वाटतं. मग मी कंपनीत जातो."

मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं. शर्टाला मेंढराचा वास येत होता आणि घामाचा. एक सायकलवाला थांबून आमच्याकडं बघून गेला, गाडी बिघडलीय का म्हणून.

"आज आत अडकलो," पप्पा म्हणाले, "तर मला वाटलं, ह्यात जीव गुदमरतो. अन तू रोज..."

"रोज दोनच मिनिटं, पप्पा."

"तरीबी." त्यांनी खिट्टीवरचं बोट थोडं दाबलं. "मला जमंना."

मम्मी कोकरू घेऊन बाहेर आली. तिनं आम्हा दोघांना बघितलं आणि तिला सगळं कळलं असणार, कारण ती कोकरासकट गाडीला टेकून उभी राहिली. कोकरानं तिच्या बांगड्या चोखायला सुरुवात केली होती.

मी उभी राहिले. गॅदरिंगला माईक हातात आल्यावर राहिले होते, तशीच ताठ. आवाजही बरोबर निघाला.

"मम्मी, पप्पा, दोघंही ऐका. मी ठरवलंय. ही डावीकडची खिट्टी मी आता खाली करणार, तुमच्या डोळ्यांसमोर. उजवीकडची तशीच राहील, कारण तिकडून गाड्या जातात आणि तिकडून मला उतरायचंच नाही. मी रोज मागंच बसेन. गाडी पूर्ण थांबली की तुम्ही आधी आरशात बघायचं, पप्पा. मी बसलेली दिसले की 'हं' म्हणायचं. घाई करायची नाही, मनासारखं बघून घ्यायचं. तुमचं 'हं' येईपर्यंत माझा हात दाराला लागणार नाही, मागं कितीही हॉर्न वाजू देत. आणि मी उघडीन ते लांबच्या हातानं, उजव्या, म्हणजे मान आपोआप मागं वळते आणि येणारी सायकल दिसते. हे पक्कं. यात बदल नाही."