अण्णांची मुलाखत

स्नेहल जनसंवाद विषयात एम.ए. करत होती. दुसऱ्या सत्रात मॅडमनी काम दिलं. घरातल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची आणि शब्द न् शब्द उतरवून आणायची.

तिने वडील निवडले. जयराम, म्हणजे तिचे अण्णा, अंबडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेस मशीनवर होते. घरात त्यांची ख्याती अबोल माणूस म्हणून. रविवारी अण्णा गच्चीत मेथी निवडत बसले होते. तिने शेजारी फोन ठेवला आणि वहीत बघून प्रश्न विचारले. अण्णांनी मान खाली घालूनच उत्तरं दिली.

सोमवारी लायब्ररीत हेडफोन लावून ती उतरवायला बसली आणि थबकलीच.

"अण्णा, कामावरचा पहिला दिवस आठवतो?"

"हो, जेवलो ना मघाशी."

"तुम्हाला काय व्हायचं होतं?"

"नाय, नाय, बरी हाय तब्येत."

हे तेव्हा लक्षात कसं आलं नाही? कारण तेव्हा ती वहीत पुढचा प्रश्न शोधत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी वही न घेता ती अण्णांच्या अगदी समोर बसली. सावकाश म्हणाली, "अण्णा, कधीपासून ऐकू येत नाही?"

अण्णांनी तिच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. "झाली पाच वर्षं. मशीनवरनं काढतील म्हणून बोललो नाय. चारचौघं हसले का मीबी हसतो."

स्नेहलने त्यांचा हात धरला. "उद्या कान तपासायला जायचं. मी येते सोबत."

आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तरातरा आली आणि अण्णांसमोर बसली.

"पाच वर्षं! मला वाटायचं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आला तुम्हाला!"

"तुझा कंटाळा?" अण्णा गडबडले. "अगं, तू पाठमोरी बोलायचीस. मला वाटायचं, तूच बोलत नाय माझ्याशी."

आईला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

महिन्याभरात अण्णांच्या दोन्ही कानांना यंत्रं लागली. कारखान्याने त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण आता रोज कामावरून आले की ते स्वयंपाकघरात पाट टाकून बसतात. आई पोळ्या लाटता लाटता दिवसभराचं सगळं सांगते, आणि अण्णा मध्येच तिला अडवून म्हणतात, "थांब, हे परत सांग."