खाऱ्या पाण्याचे दिवस

बटाटा पेल्याच्या तळाशी जाऊन बसला. लीलाधर गुरुजींनी मीठ टाकलं, ढवळलं, आणखी मूठभर टाकलं. बटाटा हलला, तिरका झाला आणि हळूच वर आला.

"बघा अभिमनआबा. खारं पाणी गोड्यापेक्षा जड. समुद्राला एवढं मीठ नसतं, पण नदीपेक्षा तो माणसाला जास्त उचलून धरतो."

"म्हंजे मना सुकदेव तरंगी ना, गुरुजी?"

गुरुजी पेल्याकडेच बघत राहिले. "पोहायला सोपं जातं, एवढं खरं."

भडगावला गिरणा नदीच्या डोहांतून बुडालेली माणसं चाळीस वर्षं अभिमननेच काढली होती. पाण्यात हात घालून तो प्रेत वर येण्याचा दिवस सांगायचा. उन्हाळ्यात दुसरा, थंडीत चौथा. "गिरना कोनलेच ठेवस नही, माय," म्हणून काठावरच्या बाईला घरी धाडायचा. सांगितल्या दिवशी गिरणा माणूस वर द्यायची. मग त्या घरात सुतक लागायचं, दहा दिवस चुलीवर अळणी शिजायचं.

आता त्याचाच पोरगा सुकदेव वेरावळकडे मासेमारीच्या बोटीवरून पडला होता. 'शोध चालू आहे', एवढंच तारेत होतं. तार येऊन नऊ दिवस झाले होते.

गुरुजींच्या ओट्यावरून तो जरा हलक्या पायांनी निघाला. नदीकाठी मात्र थबकला. वारा पडला होता. डोहावर एक पाखरू नव्हतं.

जड पाणी वर धरतं. जित्याला धरतं, तसं मेल्यालाही. मग एवढ्या बोटी फिरल्या, तर तो दिसना काबर नही?

त्यानं पाण्यात हात घातला. दिवस काही हाती लागला नाही.

घरी सून चुलीपाशी होती. कपाळाचं कुंकू तिनं आज जरा मोठंच लावलं होतं.

"आबा, सारा गावले तुम्ही दिन सांगतस," कुंदा मान वर न करता म्हणाली. "माले कव्हय सांगशात?"

अभिमन भिंतीला टेकून खाली बसला. डाळीला उकळी आली. कुंदानं मिठाची बरणी ओढली, झाकण काढलं.

अभिमनने पुढे सरकून बरणीच्या तोंडावर पंजा ठेवला.

पंजा निघाला नाही. कुंदाच्या हातातली काकणं वाजता वाजता थांबली. चुलीवर डाळ तशीच रटरटत राहिली.