विजोड हातमोजे

केंड्रेल मेब्रीबद्दल व्हर्लन हकाबीच्या वहीत तीन वर्षांत तीन मतं लिहिलेली होती आणि त्यांतलं एक दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. पहिल्या वर्षी, 'पोरगा सोनं आहे.' दुसऱ्या वर्षी, 'पोरगा डोकेदुखी आहे.' तिसऱ्या वर्षी नुसतंच एक प्रश्नचिन्ह, तेही दोनदा गिरवलेलं.

आता प्रश्नचिन्हावर भागणार नव्हतं. मार्च उजाडला होता आणि टॅलाहाला स्टेट कॉलेजच्या मैदानावर आज शेवटच्या वर्षाच्या अमेरिकन फुटबॉलपटूंची परीक्षा होती. नऊ व्यावसायिक संघांची पारखी माणसं घड्याळं आणि मोजपट्ट्या घेऊन मिसिसिपीच्या त्या कोपऱ्यात येऊन थडकली होती. संध्याकाळी सहापर्यंत हकाबीला आपल्या संघाला एकच कळवायचं होतं, की हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेले चेंडू झेलणारा गडी, घ्यायचा की सोडायचा. बाकीच्या आठांनी मेब्रीला मनातून केव्हाच सोडला होता. हकाबीनेही सोडला, की पोराचा फुटबॉल आजच संपला. सोमवारपासून मामाबरोबर मासे साफ करायच्या कारखान्यात.

घ्या म्हणावं, तर हकाबीची स्वतःची पंचाईत. गेल्या वर्षी ज्याच्यासाठी त्याने हट्टाने शब्द टाकला, तो पठ्ठ्या चौथ्या आठवड्यात बॅग भरून घरी परतला. तेव्हापासून ऑफिसात हकाबी बोलायला लागला, की लोक मोबाइल बघायला लागत. साहेब प्रेस्टन ऑल्ड्रिज, वय चौतीस, आज सकाळीच फोनवर म्हणाला होता, "हकाबी, या खेपेला जरा जपून. तुमचं एकच मत आता शिल्लक आहे असं समजा."

एकतीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागतं. हकाबीने ऐकून घेतलं.

या मेब्रीचं करायचं काय, हेच कोणाला उमगत नव्हतं. अंगाला अंग घासत दुसरा खेळाडू धावतोय, चेंडू डोक्यावरून चाललाय, आणि हा हवेत उडून एकट्या डाव्या हाताने तो असा काढायचा, की विरुद्ध बाजूचे लोकसुद्धा उठून उभे राहायचे. आणि पुढच्याच मिनिटाला पोटाशी आलेला, शेंबडं पोरही धरील असा चेंडू दोन्ही हातांतून सांडायचा. शेवटच्या वर्षी अकरा सामन्यांत बावन्न झेलले, चौदा सांडले. सगळ्यांचं निदान एकच होतं, की पोरगा नखरेल आहे. अवघड तेवढं मन लावून करतो, सोप्याचा त्याला कंटाळा.

"दोन हातांनी धरला तर फोटो बरा येत नाही ना त्याचा," हकाबीच्या शेजारी बसलेला पारखी म्हणाला आणि सगळे हसले. हकाबीही हसला. पुढे त्याला त्या हसण्याची लाज वाटली.

परीक्षेच्या सुरुवातीला टेबलापाशी हात मोजायचे असतात. पंजा ताणून ठेवायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावायची. मेब्रीने नावापुढे सही केली ती उजव्या हाताने, पण मोजायला पुढे केला डावा. मोजणाऱ्या पोरीने डावा तर डावा म्हणून आकडा लिहून टाकला. उजवा हात हातमोज्यातच राहिला. हकाबीला ते जरा खटकलं. मग झेलायची वेळ आली. बारा चेंडूंपैकी तीन सांडले, आठ वह्या मिटल्या आणि मंडळी जेवायला निघाली.

हकाबी जेवायला गेला नाही. प्रशिक्षकाला खेळाडूबद्दल विचारण्यात अर्थ नसतो. तो आपलाच माल चांगला म्हणणार. विचारायचं ते कपडे धुणाऱ्या माणसाला. तेव्हा तो जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत गेला. तिथे मिस ओडेसा प्रुइट अठ्ठावीस वर्षं खेळाडूंचे कपडे, बूट आणि हेल्मेटं सांभाळत होत्या. वय सत्तरीपार, जीभ अजून धारदार.

"आलास का?" त्यांनी बर्फ घातलेल्या गोड चहाचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "पोट सुटलंय तुझं."

"तुमच्या चहानेच सुटलंय. मेब्री कसा पोरगा आहे?"

"पायमोजे उलटे करून धुवायला टाकत नाही. आणखी काय पाहिजे?"

"कामचुकार आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? वर बसून शेंगा खाणारे?" त्या फणकारल्या. "तक्रार एकच आहे माझी. माझे जोड फोडायला लावतो. ते बघ."

कपाटावर पुठ्ठ्याचा एक खोका होता. हकाबीने तो खाली घेतला. आत कोरे करकरीत हातमोजे होते, पण एकाला दुसरा लागेना. डावे सगळे मोठ्या मापाचे, उजवे सगळे मधल्या मापाचे.

"दर सामन्याला दोन जोड फोडावे लागतात त्याच्यासाठी," मिस ओडेसा म्हणाल्या. "डावा मधला घालतो आणि उजवा मोठा. उरलेले हे असे रंडके होऊन पडलेत. विचारलं तर म्हणतो, सवय आहे. देवाने दोन हात दोन मापांचे दिलेत का रे तुला, असंही विचारलं मी. हसून निघून गेला."

हकाबी खोक्याकडे बघत राहिला. मोठ्या मापाचा मोजा कोणाला लागतो? ज्याच्या आत आणखी काही असतं त्याला. दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधली, की पंजा मधल्या मापात मावत नाही.

त्याने वही काढली आणि ते चौदा चेंडू एकेक करून वाचले. गुडघ्याशी. पोटाशी. उजवीकडे खाली. गुडघ्याशी. चौदाच्या चौदा छातीखाली, काही उजवीकडेही. वरून येणारा चेंडू झेलताना अंगठे जवळ येतात. खाली येणाऱ्याला मात्र करंगळ्या जोडून ओंजळ करावी लागते. ओंजळच जुळत नसेल तर चेंडू सांडणार नाही तर काय होणार! आणि तो डाव्या हाताचा नखरा हा नखरा नव्हताच. उजव्याचा भरवसा नाही म्हणून बिचारा डाव्याने भागवत होता.

हे आपल्याच अक्षरात वहीत पडलेलं होतं आणि तरी आपण प्रश्नचिन्ह गिरवून मोकळे झालो, याने हकाबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेब्री कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसला होता. इतरांच्या आयांनी मागवलेल्या केकचे तुकडे बाकावर पडले होते.

"उजवा मोजा काढ," हकाबी म्हणाला.

"कशाला, सर?"

"काढ म्हणतो ना."

पोराने दातांनी मोजा ओढून काढला. खाली चिकटपट्टी. पट्टीखाली करंगळी, मधल्या पेराशी बाहेर वळलेली, सुजून अनामिकेइतकी झालेली.

"कधीपासून?"

"ऑगस्ट." म्हणजे सगळा मोसम. "निखळते, सर. मी बसवतो परत. आता नीट बसत नाही."

"आणि डॉक्टरला दाखवायला काय झालं होतं?"

"दुसऱ्या वर्षी घोटा दुखतोय म्हणून सांगितलं होतं," मेब्री शांतपणे म्हणाला. "दोन आठवडे आराम कर म्हणाले. परत आलो तर माझ्या जागी दुसरा. दहा महिने बाकावर बसलो. इथे दुखतंय म्हणणाऱ्याची जागा जाते. चेंडू सांडणाऱ्याला निदान शिव्या देऊन खेळवतात तरी."

पोरगा खोटं बोलत नव्हता, हे हकाबीला ठाऊक होतं.

"मी हे लिहिणार आहे," तो म्हणाला.

मेब्रीचा चेहरा उतरला. "मग संपलंच माझं."

"अरे, ते जेवणाआधीच संपलं होतं. आठ जणांनी तुला नखरेल म्हणून वह्या मिटल्या. नखऱ्यावर ऑपरेशन नसतं पोरा, बोटावर असतं. मला खरं लिहू दे. फोटो काढतो, हात सरळ धर."

पोराने हात धरला.

पावणेसहाला हकाबीने गाडीत बसून फोन लावला. प्रेस्टनने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो म्हणाला, "म्हणजे तुमचं शिल्लक राहिलेलं एक मत तुम्ही मोडक्या बोटावर लावताय?"

"दीड हाताने बावन्न चेंडू झेलणाऱ्यावर लावतोय."

"गेल्या वर्षीही तुम्ही असंच छान बोलला होता."

"बोललो होतो. आणि चुकलो होतो. त्या पोराचे पाय बघून मी भुललो, त्याचे कपडे सांभाळणाऱ्या बाईला विचारलं नाही. या वेळी विचारलंय."

पलीकडे कीबोर्ड वाजला. प्रेस्टन सामन्यांच्या चित्रफिती उघडून बघत होता. एक, दोन, पाच. हकाबी खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत थांबला. सहा वाजून गेले.

"चौदाच्या चौदा खालचे," प्रेस्टन सावकाश म्हणाला. "आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं?"

"संघांच्या वार्षिक निवडीत मी त्याच्यावर आपली पाळी खर्च करणार नाही, आधीच सांगतो. पण फोटो आमच्या हाताच्या डॉक्टरकडे पाठवा, आत्ता. तो हो म्हणाला तर ऑपरेशन आपल्याकडे आणि जुलैच्या सराव शिबिरात त्याला जागा. पुढे त्याचं तो बघेल."

हकाबीने फोटो पाठवला. मग एवढं वय झालेला तो माणूस गाडीतच डोळे पुसत बसला, आणि आपल्याला हे शोभत नाही वगैरे काही त्याच्या मनात आलं नाही.

सव्वासातला डॉक्टरचं उत्तर आलं. होईल. सहा आठवडे पट्टी, मग व्यायाम, जूनच्या अखेरीस चेंडू.

मेब्री तेव्हा सामानाच्या खोलीच्या दारात आपले शेवटचे कपडे परत करत होता. हकाबीने फोन त्याच्यापुढे धरला. पोराने दोनदा वाचलं आणि तो दाराच्या चौकटीला टेकला.

"काय झालं?" मिस ओडेसा आतून म्हणाल्या. हकाबीने सांगितलं.

"ऑगस्टपासून?" त्या मेब्रीवर कडाडल्या. "आणि मला म्हणे, सवय आहे! थोबाड फोडलं पाहिजे तुझं." पण बोलता बोलता त्या कपाटाकडे वळल्या होत्या. त्यांनी मधल्या मापाचा एक नवा जोड काढला, वरचा प्लॅस्टिकचा कागदही न फाडलेला.

"हा घेऊन जा. पण पट्टी निघेपर्यंत उघडायचा नाही. आणि याद राख, हा जोड मी फोडलेला नाही, तूही फोडायचा नाहीस. दोन्ही घालायचे."

मेब्रीने नेहमीप्रमाणे डावा हात पुढे केला. मग तो थांबला, आणि त्याने उजव्या हाताने जोड घेतला.